शीर्षकाचे नाव आणि शीर्षकाचे रूप

छापखान्यात शिशाचे खिळे जुळविले जात, तेव्हा संपादक हस्तलिखिताच्या समासात खूण करी आणि जुळारी त्याबरहुकूम टाइप निवडी. मजकूर निराळा, त्याचे रूप निराळे, हे तत्त्व विल्यम टनिक्लिफ यांनी १९६७ साली कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातील बैठकीत मांडले. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर व लोरी यांनी त्यासाठी यंत्रास कळणाऱ्या खुणांची भाषा रचली. १९८३ च्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तेच तत्त्व ‘स्टाइल’ होऊन लेखनिकाच्या हाती आले.

हाताची सवय मात्र सुटली नाही. बालाघाटच्या एखाद्या शाळेच्या अहवालातील चाळीस शीर्षके एकेक निवडून ठळक केली, तर आकार बदलताना चाळीस वेळा तेच श्रम पडतात. ‘स्टाइल’ दिलेली असल्यास एकच बदल पुरतो.

परंतु श्रमाहून मोठा प्रश्न अंध विद्यार्थ्याचा आहे. संगणकाचा आवाज ऐकून वाचणाऱ्यास अक्षराचा ठळकपणा दिसत नाही. शीर्षकाची नोंद ‘शीर्षक’ म्हणून झाली असेल, तरच तो एका प्रकरणावरून दुसऱ्यावर सहज जातो. नुसते सजविलेले पान डोळसांपुरते राहते. नाव दिलेले पान त्याच्याही उपयोगी पडते.