साहेल आणि ‘पुढे सरकणारे वाळवंट’ : एका संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेल्या निमशुष्क पट्ट्यास ‘साहेल’ असे म्हणतात. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘किनारा’ असा होतो. वाळूचा समुद्र हा किनारा ओलांडून सुपीक भूमी गिळंकृत करीत आहे, अशी कल्पना विसाव्या शतकात रूढ झाली. ती कशी घडली, पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकली आणि तिचा उपाययोजनांवर कोणता परिणाम झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पनेचा उगम :
भारतीय वनखात्यात सेवा केलेले व पुढे एडिंबरो विद्यापीठात वनशास्त्राचे प्राध्यापक झालेले ई. पी. स्टेबिंग यांनी १९३५ साली सहारा पश्चिम आफ्रिकेतील वसाहतींवर आक्रमण करीत असल्याचा इशारा दिला. स्थानिकांची फिरती शेती व चराई यांना त्यांनी दोषी धरले. तथापि, १९३६-३७ मध्ये इंग्रज-फ्रेंच वन आयोगाने नायजर-नायजेरिया सीमाभागाची पाहणी केली असता या आक्रमणाचा पुरावा आढळला नाही. १९४९ साली फ्रेंच वनशास्त्रज्ञ ओब्रेव्हिल यांनी ‘वाळवंटीकरण’ हा शब्द प्रचारात आणला; परंतु त्यांचा रोख सहारापासून दूर, पुरेसा पाऊस असूनही वृक्षतोड व वणव्यांमुळे उजाड होणाऱ्या प्रदेशांकडे होता.

अवर्षण आणि आकडा :
१९६८ ते १९७३ या काळातील भीषण अवर्षणात साहेलमध्ये मोठी मनुष्यहानी व पशुहानी झाली आणि जुनी कल्पना पुन्हा बळावली. १९७५ साली ह्यू लँप्री यांनी सुदानमध्ये वाळवंटाची सीमा सतरा वर्षांत ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेस सरकल्याचे अनुमान काढले. वास्तविक, या तुलनेतील जुनी सीमा पर्जन्यमानावरून नकाशावर आखलेली होती, तर नवी सीमा अवर्षणानंतर पाहिलेली होती. तरीही हा आकडा सर्वत्र उद्धृत होत राहिला. १९७७ साली नैरोबी येथे वाळवंटीकरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. पुढे १९८० ते १९९० या काळातील उपग्रहचित्रांवरून असे दिसून आले की, वनस्पतींची ही सीमा पावसाप्रमाणे कधी दक्षिणेस, तर कधी उत्तरेस सरकते. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय करारात म्हणूनच वाळवंटीकरणाची व्याख्या हवामानातील बदल व मानवी व्यवहार यांमुळे शुष्क, निमशुष्क व कोरड्या उपआर्द्र प्रदेशांत होणारी ‘जमिनीची अवनती’ अशी करण्यात आली.

भिंत की बुंधा ? :
निदान चुकले की उपचारही चुकतो. वाळवंट शत्रुसैन्यासारखे चालून येत असेल, तर त्यास अडविण्यासाठी भिंतच हवी. २००७ साली आफ्रिकी संघाने स्वीकारलेल्या ‘महान हरित भिंत’ योजनेची मूळ कल्पना अशीच, सुमारे ८००० किलोमीटर लांबीच्या वृक्षपट्ट्याची होती. याउलट, नायजरमधील मराडी व झिंदर भागांत १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी नवी रोपे लावण्याऐवजी शेतातील जुन्या बुंध्यांना फुटणारे धुमारे राखले. वसाहतकाळापासून वृक्ष सरकारी मालकीचे मानले जात असल्याने ते जपण्यात शेतकऱ्यास स्वारस्य नव्हते. हे निर्बंध व्यवहारात सैल होताच सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्र पुन्हा वृक्षाच्छादित झाले. पुढे हरित भिंतीची कल्पनाही सलग पट्ट्याऐवजी ठिकठिकाणच्या भूसुधारणेकडे वळली.

निष्कर्ष :
वाळवंटीकरणाचा धोका काल्पनिक नाही. मात्र तो वाळवंटाच्या सीमेवर नसून जेथे जेथे जमिनीचा कस ओरबाडला जातो, तेथे तेथे आहे. वाळवंट नसलेल्या महाराष्ट्राचा समावेश इस्रोच्या २०१६ च्या नकाशासंग्रहात सर्वाधिक अवनत भूमी असलेल्या राज्यांमध्ये झाला, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ज्यांना स्टेबिंग यांनी दोषी ठरविले, त्याच शेतकऱ्यांनी साहेलची भूमी सावरली, हे या इतिहासाचे सार होय.