मापांची वही

माझी आई मोडनिंबला चोळ्या शिवायची. गावात शिंपी होते, पण लावणीच्या थिएटरातल्या बायका माप द्यायला आईकडंच यायच्या. शिवलेल्या चोळ्या पोचवायचं काम माझं. त्यामुळं सोलापूर-पुणे रस्त्यावरचं ते थिएटर मी कायम दुपारी पाहिलं. रात्री तिकडं फिरकायची आम्हाला सक्त मनाई.

दुपारी ते बायकांचं घर असायचं. मधे रंगमंच, भोवती खोल्या, एकेका पार्टीचं बिऱ्हाड वेगळं. कुणी केस वाळवतंय, कुणी भाकरी थापतंय, एखादी वयस्क बाई नव्या पोरीला लावणीची एकच ओळ बसल्या जागी दहा तऱ्हांनी करून दाखवतेय. एक अक्का मला आठवतात, त्या चाळ दुरुस्त करत बसायच्या. दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायची, घुंगरू कानाशी हलवून बघायचं, आवाज बसका वाटला तर बाजूला टाकायचं, नाहीतर ओवून गाठ मारायची. ती चाळ मी एकदा उचलायला गेले तर दोन्ही हात लावावे लागले.

हे सगळं परवा पुन्हा डोळ्यांपुढं आलं ते १९३७ सालचा ‘स्टेज डोअर’ हा अमेरिकन चित्रपट पाहताना. न्यूयॉर्कमधलं मुलींचं एक वसतिगृह, सगळ्या नाटकात काम मिळावं म्हणून धडपडणाऱ्या. कॅथरिन हेपबर्न, जिंजर रॉजर्स, पुढं फार मोठी झालेली ल्युसिल बॉल. एकमेकींचे मोजे घालणं, टोमणे मारणं, आणि एकीला काम मिळालं की दुसरीचं तोंड उतरणं. दिग्दर्शक ग्रेगरी ला काव्हा यांनी म्हणे सेटवरच्या मुलींच्या गप्पा ऐकून त्यातलेच संवाद घेतले. ते खरं वाटतं, कारण मोडनिंबच्या त्या चौकातही असंच बोलणं चालायचं.

मोडनिंबच्या थिएटरात चालायची त्या पद्धतीला आपल्याकडं संगीत बारी म्हणतात. बारी म्हणजे पाळी. फडाच्या तमाशासारखा इथं वग नसतो. एकाच थिएटरात चार-सहा पार्ट्या उतरलेल्या असतात आणि संध्याकाळी त्या आळीपाळीनं लावणी घेऊन उभ्या राहतात. पार्टी मालकिणीच्या नावानं ओळखली जाते. पेटीमास्तर, तबलजी, ढोलकीवाला तिच्या पदरी. तिकिटाच्या पैशात थिएटरवाल्याचा वाटा; शिवाय फर्माईश, दौलतजादा, बैठकीची मिळकत, आणि त्या सगळ्याचा हिशेब तिच्याकडं. चित्रपटातल्या पोरी निर्मात्याच्या दारात ताटकळतात. इथं निर्माती बाईच होती, हे मला फार मोठं वाटतं.

पण फरक तेवढाच नाही. हेपबर्ननं रंगवलेली टेरी श्रीमंत बापाची लेक. नाटक पडलं असतं तर ती घरी गेली असती. आमच्याकडच्या पुष्कळजणी कोल्हाटी समाजातल्या. मुलीनं एकदा चाळ बांधली की लग्नाचा विषय संपला. तिच्या कमाईवर भावांचे संसार चालायचे, आणि तिच्या लेकरांना बापाचं नाव नसायचं. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) हे सगळं उघडं केलं. ते डॉक्टर झाले, पण बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव त्यांनी अभिमानानं लावलं.

मराठी रंगभूमीवर बाई कधी आली, अशी चर्चा निघाली की हिराबाई बडोदेकरांची १९२९ची नाटक कंपनी आणि १९३३चं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक, यांचं नाव निघतं. ते रास्तच आहे. त्या बायकांनी मोठं धाडस केलं. पण बालगंधर्व शालू नेसून भामिनी रंगवत होते त्या काळात पवळा हिवरगावकर पठ्ठे बापूरावांबरोबर तमाशात उभी होती आणि तिला बघायला लोक तिकीट काढत होते. पुढं १९३५ साली आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांनी राष्ट्रपतींच्या हातून मान घेतला. मग इतिहासात या बायकांचं प्रकरण वेगळं, मागच्या पानांवर का? त्या अभिनेत्रीच होत्या. बसल्या जागी नुसत्या भिवईनं अर्थ फिरवणं हा अभिनय नाही तर काय?

मी पहिल्यांदा रात्री लावणी पाहिली ती अकलूजला, स्पर्धेत. तिथं बायकापोरं मांडी घालून बसली होती. आई शेजारी होती. ती बघत होती चोळ्यांच्या बाह्या, आणि “काखेत आवळतीय बघ,” असं पुटपुटत होती. आयुष्यभर तिनं त्यांच्यासाठी शिवलं. अंगावर घालून नाचताना त्याच रात्री पाहिलं.

आई गेल्यावर तिची मापांची वही माझ्याकडं आली. छाती, बाही, पाठ, आणि प्रत्येक मापावर बाईचं नाव, पार्टीचं नाव. काही नावांपुढं आईनं ‘पैसे नको’ असं लिहिलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या बारीच्या थिएटरांचा इतिहास कुणी लिहायला घेत असेल, तर ही वही मी द्यायला तयार आहे. मात्र पानं विरत चालली आहेत, तेव्हा लवकर या.