हुंकार देणारे यंत्र

लहानपणी रात्री कहाणी ऐकताना हुंकार द्यायचा राहिला, तर सांगणारी आजी तिथल्या तिथे थांबे आणि ‘झोपलास की काय?’ म्हणून दरडावी. हुंकार देणाऱ्याला कहाणीतले सारे कळलेच पाहिजे असा तिचा आग्रह नसे. योग्य जागी ‘हं’ आले, की राजाची नावडती राणी पुढे चालू लागे. धर्मकृत्यातही, संकल्पातले अक्षर न उमजलेल्या यजमानाने उपाध्यायांची खूण होताच ‘मम’ म्हटले, की कार्य सिद्धीस गेले असे उभयपक्षी मानण्यात येते. या दोन घरगुती गोष्टी येथे काढण्याचे कारण असे की, अमेरिकेतील केंब्रिज येथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत १९६४ ते १९६६ या काळात जोसेफ वाइझेनबाउम नावाच्या अध्यापकाने संगणकाकडून जे पहिले गाजलेले संभाषण करवून दाखविले, ते आज बारकाईने तपासू लागले असता त्यात भाषणाचा अंश अल्प आणि हुंकाराचा अंश फार, असे आढळून येते.

वाइझेनबाउम हा बर्लिनचा ज्यू. १९२३ चा त्याचा जन्म. १९३६ मध्ये हिटलरच्या अंमलाखालील जर्मनी सोडून हे कुटुंब अमेरिकेत डेट्रॉइटला आले. गणिताचे अध्ययन, महायुद्धाच्या काळात लष्कराच्या हवाई दलात हवामानाचे काम, मग जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बँकेचे हिशेब यंत्राकडून करवून घेण्याच्या योजनेत सहभाग, असा प्रवास करीत तो १९६३ मध्ये वरील संस्थेत दाखल झाला. तेथे त्या वेळी आयबीएम ७०९४ हा एकच अजस्र संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी तजवीज झालेली होती, आणि आपल्या खोलीतील टंकयंत्रावर बसून दूरच्या यंत्राला प्रश्न करावा व कागदावर उमटणारे उत्तर वाचावे, ही त्या काळी अपूर्व वाटणारी सोय उपलब्ध होती. ती सोय नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. कारण छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा सकाळी द्यावा आणि संध्याकाळी उत्तर घ्यावे, या कारभारात हुंकाराला जागाच नव्हती.

त्याने रचलेल्या आज्ञावलीचे नाव एलायझा. तिची करामत जितकी साधी तितकीच मोहक आहे. समोरच्या माणसाने वाक्य टंकित केले, की त्यातील शब्द एकेक करून आपल्या यादीशी ताडून पाहायचे. यादीतल्या शब्दांना, दरबारात मानकऱ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असाव्यात तशा, पायऱ्या ठरवून दिलेल्या. एकाच वाक्यात दोन मानकरी आले तर वरच्या पायरीवरच्याचा मुलाहिजा राखायचा. मग त्या शब्दाच्या नियमाबरहुकूम वाक्याचे तुकडे करावयाचे, ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ आणि ‘माझे’च्या जागी ‘तुमचे’ घालावयाचे, आणि ते तुकडे आधीच करून ठेवलेल्या साच्यात बसवून परत पाठवावयाचे. कोणी म्हणाले की सगळेच माझा द्वेष करतात, तर ‘सगळेच’ या शब्दावर बोट ठेवून विशेषतः कोण, असे विचारावयाचे. आईचे नाव निघाले तर घरच्या मंडळींविषयी अधिक सांगा म्हणावयाचे. आणि यादीतला एकही शब्द न सापडल्यास ‘बरे, पुढे?’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून वेळ मारून न्यावयाची. तरीही अडलेच, तर आणखी एक डाव राखून ठेवलेला असे. ‘माझे अमुक’ असे सांगणारी काही वाक्ये गुपचूप दप्तरात टिपून ठेवलेली असत, त्यांतले एखादे बाहेर काढून, मघाशी तुम्ही अमक्याविषयी बोलत होता, असे यंत्र आठवण करून देई. आपले बोलणे कोणीतरी ध्यानात ठेवले, या एका जाणिवेने माणूस किती विरघळतो, हे ज्याने वधूपक्षाकडील वयोवृद्ध पाहुण्यांची मने राखली आहेत त्याला निराळे सांगावयास नको.

या आज्ञावलीला निरनिराळ्या भूमिका देता येत. त्यांपैकी ‘डॉक्टर’ ही भूमिका अजरामर झाली. रुग्णाला उपदेश न करता त्याचेच म्हणणे त्याच्यापुढे ठेवावे, अशी पद्धती कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने रूढ केली होती, आणि वाइझेनबाउमने तिचीच नक्कल उचलली. त्याचे कारण त्याने १९६६ च्या आपल्या निबंधात मोठ्या मार्मिकपणे नमूद केले आहे: जगाविषयी काडीचेही ज्ञान नसल्याचे सोंग ज्याला निर्धास्तपणे घेता येते, अशा संभाषणातल्या मोजक्या पक्षांपैकी एक म्हणजे मनोवैद्य. आपण नावेतून लांब फिरून आलो असे त्याला सांगितले आणि त्याने ‘नावांविषयी सांगा’ म्हटले, तर या गृहस्थाला नाव म्हणजे काय ते ठाऊक नाही असे आपल्या मनात येत नाही. त्यात काही गूढ हेतू असला पाहिजे, असे आपणच गृहीत धरतो. म्हणजे यंत्राच्या अज्ञानाला शहाणपणाचा मुलामा चढविण्याचे काम रुग्णाने स्वखर्चाने करावयाचे!

एलायझा हे नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुलवालीचे. हीच फुलवाली पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मध्ये मंजुळा होऊन १९७५ मध्ये मराठी रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वे यांनी ती घराघरांत पोहोचविली. परंतु शॉची काय किंवा पु. लं.ची काय, नायिका अखेरीस गुरूला ठणकावून उलट उत्तर देते. यंत्रातील एलायझेने मात्र कोणालाच कधी उलट उत्तर दिले नाही, आणि तिच्या लोकप्रियतेचे मर्म बहुधा येथेच असावे.

मराठीत तिचे नाटक इतके सुलभ झाले नसते, असा एक विचार जाता जाता मनात येतो. इंग्रजीत ‘मी दमलो’ आणि ‘मी दमले’ यांत भेद नाही, आणि समोरच्याला एकच सर्वनाम पुरते. मराठीत यंत्राला पहिल्याच वाक्याला ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ याचा निवाडा करावा लागला असता, आणि तो चुकला असता तर रुग्ण दुःख सांगण्याऐवजी रुसून उठला असता.

आता त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे यावे. वाइझेनबाउमची चिटणीस कित्येक महिने त्याला हे काम करताना पाहत आलेली होती. तिच्यापुढे पडदा कसलाच नव्हता. तिने एके दिवशी टंकयंत्रावर बसून डॉक्टरशी बोलावयास प्रारंभ केला, आणि दोनचार वाक्ये झाली न झाली तोच वळून आपल्या वरिष्ठाला खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. वाइझेनबाउमने १९७६ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत सांगितली आहे, आणि त्या प्रसंगाने तो किती अस्वस्थ झाला हे त्याने लपविलेले नाही.

या घटनेचे महत्त्व गणितज्ञ ट्यूरिंगच्या कसोटीशेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. अ‍ॅलन ट्यूरिंगने १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात जो खेळ मांडला, त्यात परीक्षक संशयी असून एक माणूस आणि एक यंत्र अशा दोन अदृश्य पक्षांची जणू उलटतपासणी घेत असतो; सुमारे पन्नास वर्षांत पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला शंभरांत सत्तरांहून अधिक वेळा अचूक ओळख पटणार नाही, असे त्याचे भाकीत होते. पण आपल्या नित्याच्या बोलण्यात उलटतपासणी कोण घेतो? चिटणिसीण परीक्षक नव्हती आणि फसलेलीही नव्हती. समोर यंत्र आहे ही पक्की माहिती आणि येथे आपल्याला एकांत हवा ही ओढ, या दोन्ही गोष्टी तिच्या ठायी एकाच क्षणी नांदत होत्या, आणि एकीने दुसरीला मुळीच हरकत घेतली नाही. माझ्या मते संभाषण मानवी वाटणे आणि समोर मानव आहे असे वाटणे, हे दोन स्वतंत्र मामले आहेत, आणि ट्यूरिंगच्या खेळात त्यांची फारकत झालेली नाही.

फसण्याचा प्रकारही घडला, तो अगदी निराळ्या वळणाने. केंब्रिजमधीलच बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत डॅनियल बॉब्रो याच्याकडे एलायझेसारखी आज्ञावली चालू होती. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सुटीच्या दिवशी तारेवरून घरी बसलेल्या बॉब्रोशीच आपण बोलत आहोत अशा समजुतीने यंत्राशी बोलणे चालविले. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला प्रश्नच परत येऊ लागल्याने पारा चढत गेला, आणि शेवटी वाक्याच्या अखेरीस पूर्णविराम द्यायचा राहून यंत्र गप्प झाले, तेव्हा साहेबांनी संतापाने दूरध्वनी उचलला. पलीकडे बॉब्रो हसून बेजार. तेव्हा समोर माणूसच आहे अशी खात्री असताना झालेले हे संभाषण साहेबांना उर्मट वाटले, तर यंत्र आहे अशी खात्री असताना झालेले चिटणिसीणबाईंना जिव्हाळ्याचे!

स्टॅनफर्डचा मनोवैद्य केनेथ कोल्बी याने १९६६ मध्ये, अशा यंत्राच्या द्वारे तासाला शेकडो रुग्ण हाताळता येतील, अशी आशा प्रकट केली. वाइझेनबाउमला खरा धक्का बसला तो याचा: ज्या गोष्टीत केवळ विडंबन होते, तिच्यात धंद्यातल्याच मंडळींना दवाखाना दिसावा, हे पाहून त्याने आपली लेखणी पुढे आयुष्यभर संगणकाच्या अतिरेकी गौरवाविरुद्ध झिजविली. कोल्बी मात्र थांबला नाही. १९७२ च्या सुमारास त्याने ‘पॅरी’ हा संशयग्रस्त रुग्ण घडविला. ज्याची बतावणी करावयाची तो मनुष्यच वेडसर असल्यामुळे पॅरीच्या असंबद्धतेला कोणी दोष देत नसे, आणि त्याच्या मुलाखती वाचून यंत्र कोणते व रुग्ण कोणता हे सांगताना मनोवैद्यांचे उत्तर अंदाजापलीकडे गेले नाही. १८ सप्टेंबर १९७२ रोजी तारांच्या जाळ्यातून पॅरीची आणि डॉक्टरची गाठ घालून देण्यात आली, आणि व्हिंट सर्फ या संगणकतज्ज्ञाने तो वृत्तान्त १९७३ च्या जानेवारीत दप्तरी दाखल केला. पॅरी घोड्यांच्या शर्यती आणि जुगारवाल्यांविषयी तक्रारी करीत राहिला, डॉक्टर त्याला पुढे सांगण्याची विनंती करीत राहिला, आणि शेवटी डॉक्टरने ३९९ डॉलर २९ सेंटचे बिल लावले. खोलीबाहेर जा म्हणून कोणाला सांगण्याची गरज त्या दोघांपैकी एकालाही पडली नाही.

वाइझेनबाउम १९९६ मध्ये बर्लिनला परतला आणि २००८ च्या मार्चमध्ये निवर्तला. मूळ एलायझेची आज्ञावली हरवली अशीच सर्वांची समजूत होती. २०२१ मध्ये ती संस्थेच्या अभिलेखागारात त्याच्याच कागदपत्रांत, जुन्या छापील पानांच्या रूपाने हाती लागली. जाणकारांनी त्या काळच्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृती संगणकात उभारून तिला पुन्हा बोलती केली. ती पूर्वीसारखीच घरच्या मंडळींची विचारपूस करते. फक्त कोणी वाक्यात अंक टंकित केला, तर कोलमडून मुकी होते. हा दोष मूळ पानांतच असल्यामुळे त्यांनी तो दुरुस्त केलेला नाही.