जोखीम व्यवस्थापन सॉफ्टवेअर, माहिती-सुरक्षेचे : निवड

संस्थेचे संगणक, नेटवर्क, डेटा आणि त्यांवर चालणारी कामे यांना कोणते धोके आहेत, ते किती गंभीर आहेत, त्यांवर कोणता उपाय ठरला आहे आणि तो कोणी व कधीपर्यंत करायचा आहे, याची चालू नोंद ठेवणारी संगणकीय प्रणाली. फायरवॉल किंवा व्हायरसरोधक सॉफ्टवेअर हल्ला अडवते. ही प्रणाली स्वतः काहीच अडवत नाही. कळलेला धोका योग्य खुर्चीपर्यंत नेणे आणि त्या खुर्चीकडून निर्णय घेणे, एवढेच तिचे काम. खरेदी समित्यांना हे पुष्कळदा उशिरा कळते. तोवर रंगीत आलेखांची आज्ञावली घेतलेली असते आणि नोंदवही कोरीच राहते.

कळलेला धोका वेळेत वर न पोहोचल्यास काय होते, हे पुणे जिल्ह्याला संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. वेल्हे परिसरात आंबी नदीवर बांधलेले पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. त्या लोंढ्याने काही तासांत खडकवासल्याचा जुना बंधाराही फोडला आणि मुठेकाठचे पुणे बुडाले. निर्गम-मार्गाचे काम अपुरे असताना जलाशयात पाणी साठले होते. हे धरणावरच्या माणसांपासून लपलेले नव्हते; खचणारा भाग वाळूच्या पोत्यांनी सावरण्यासाठी जवानांनी रात्र जागून काढली. पण नदीकाठच्या पेठांना वेळेवर आणि खात्रीचा इशारा मिळाला नाही. चौकशी आयोगाचे काम आधी न्या. बावडेकर आणि त्यांच्या निधनानंतर न्या. नाईक यांच्याकडे होते. धरण पुन्हा बांधले गेले. आज तानाजीसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयात १०.६५ अब्ज घनफूट पाणी मावते. वरसगाव, टेमघर आणि खडकवासला धरून ही साखळी २९.१५ अब्ज घनफुटांची होते. पुण्याचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने याच साखळीतून येते.

धरण आणि माहिती-सुरक्षा : पानशेतच्या पाण्याचा हिशेब आता बऱ्याच अंशी आकड्यांच्या प्रवासावर चालतो. कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी राज्याच्या जलसंपदा विभागाने पाऊस, नदीची पातळी व जलाशयसाठा यांची तत्काळ माहिती गोळा करणारी आणि पुराचा अंदाज देणारी प्रणाली उभी केली आहे. आंबी आणि मुठा भीमेच्याच खोऱ्यातल्या. अशा यंत्रणेसाठी सॉफ्टवेअर निवडताना बँकेचा साचा जसाच्या तसा उचलता येत नाही. माहिती-सुरक्षेचे तीन पाय मानले जातात : गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. धरणाच्या बाबतीत पहिला जवळजवळ गळून पडतो, कारण साठ्याचे आकडे पावसाळ्यात रोजच वर्तमानपत्रांत छापून येतात. खरी भीती आकडा खोटा येण्याची किंवा मुळीच न येण्याची. म्हणून तीन गुणांना वेगवेगळे वजन देण्याची सोय नसेल आणि प्रणाली सगळ्यांची एकच सरासरी काढत असेल, तर ती इथे निरुपयोगी.

नमुन्यादाखल एक काल्पनिक नोंद पाहू. जपायची वस्तू म्हणजे जलाशयाची पातळी कळवणारे स्वयंचलित उपकरण, त्याची दूरसंचार जोडणी आणि मुख्यालयातला सर्व्हर. धोके दोन : बाहेरच्या कोणी खोटा आकडा भरणे, आणि घाटातल्या पावसात वीज किंवा जोडणी गेल्यावर जुनाच आकडा पडद्यावर तसाच राहणे. कच्चे दुवेही दोन : कंत्राटदाराने बसवताना दिलेला पासवर्ड कधीच न बदलणे, आणि आकडा किती वाजताचा आहे ते पडद्यावर न दिसणे. परिणाम, विसर्गाचा निर्णय चुकणे. सध्याचा उपाय, कर्मचाऱ्याने पट्टीवरची पातळी डोळ्यांनी वाचून फोनवर कळवणे. हा शेवटचा उपाय संगणकीय नाही, पण तोच सर्वांत भरवशाचा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ‘उपाय’ या रकान्यात फक्त तांत्रिक साधनांची ठरलेली यादी उघडते आणि पट्टी वाचणाऱ्या माणसाला जागाच नसते, ते नाकारलेले बरे.

हा धोका पुस्तकी नाही. न्यूयॉर्क राज्यातील राय ब्रूक येथील बोमन या लहानशा धरणाच्या नियंत्रण प्रणालीत २०१३ मध्ये एका इराणी हल्लेखोराने शिरकाव केला. दरवाजाची यांत्रिक जोडणी दुरुस्तीसाठी सोडवलेली होती म्हणून त्याला तो उघडता आला नसता, असे २०१६ च्या अमेरिकी आरोपपत्रातून पुढे आले. एप्रिल २०२५ मध्ये नॉर्वेतील ब्रेमांगर येथे हल्लेखोरांनी धरणाची झडप दूरवरून उघडली आणि सुमारे चार तास सेकंदाला ५०० लिटरच्या आसपास जादा पाणी वाहत राहिले. कोणी दगावले नाही. पण चार तास कोणाच्या लक्षात आले नाही, ही बाब झडपेहून गंभीर.

गुणांकनाचा सापळा : बाजारातील बहुतेक सॉफ्टवेअर शक्यतेला १ ते ५ आणि परिणामाला १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतात व लाल-पिवळा-हिरवा तक्ता दाखवतात. तक्ता बैठकीत छान दिसतो. मात्र कार्यालयातल्या प्रिंटरचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असणे (शक्यता ५, परिणाम १) आणि विसर्गाच्या आज्ञाप्रणालीत शिरकाव होणे (शक्यता १, परिणाम ५) या दोन्हींचे गुण ५ येतात आणि दोन्ही हिरव्या चौकटीत जाऊन बसतात. या तक्त्यांमधील गणिती दोष टोनी कॉक्स या अमेरिकी जोखीमतज्ज्ञाने २००८ मधील लेखात सविस्तर दाखवले आहेत. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात नेमक्या याच दोन नोंदी भरायला सांगाव्यात आणि कोणती वर येते ते पाहावे. अतिगंभीर परिणामाची नोंद, शक्यता कितीही कमी असो, आपोआप वर ढकलण्याचा नियम घालता येत नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

यावर पर्याय म्हणून पैशांत मोजणी करण्याची पद्धत आहे. वर्षाकाठी अपेक्षित नुकसान काढण्याची रीत अमेरिकेच्या १९७९ च्या शासकीय मार्गदर्शिकेत आली. ब्रिटिश सरकारची ‘क्रॅम’ ही प्रणाली १९८० च्या दशकातली. पुढे जॅक जोन्स यांची ‘फेअर’ पद्धत रूढ झाली. त्यात एकाच आकड्याऐवजी कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पल्ला देतात. बँकेला हे मानवते, कारण तिथे नुकसान रुपयांतच होते. धरणाखालच्या वस्तीचे मोल रुपयांत मांडणे नैतिकदृष्ट्या अडचणीचे आहेच. शिवाय पैशांच्या भाषेत शेजारची श्रीमंत वस्ती नेहमी आधी वाचते.

बँकेचे उदाहरण : पुण्यातच १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला या विषयातील महाराष्ट्रातली सर्वांत अभ्यासलेली घटना म्हणता येईल. शनिवार, ११ ऑगस्ट रोजी हल्लेखोरांनी एटीएम स्विचच्या जागी बनावट स्विच उभे करून व्यवहारांना परस्पर मंजुरी दिली. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये बनावट कार्डांनी काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला बँकांमधील संदेशांच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. बँकेची मुख्य खातेप्रणाली शाबूत होती आणि नुकसान जोडण्यांच्या वाटेने झाले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा आरोपींना दोषी ठरवले. ती मुख्यतः एटीएममधून पैसे काढणारी माणसे.

निवडीसाठी यातून निघणारा निकष सरळ आहे. नोंदवही प्रणालीनिहाय असून चालत नाही. दोन प्रणालींमधली जोडणी हीसुद्धा स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदवता आली पाहिजे. शनिवार-रविवारी कोण जागे असेल, हेही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी पायाभूत सायबर सुरक्षा चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यांचे चार स्तर केले. स्वतःचे एटीएम स्विच किंवा स्विफ्ट जोडणी असलेल्या बँका वरच्या स्तरांत येतात व त्यांच्यावर अधिक बंधने आहेत. तालुक्याच्या गावातली पहिल्या स्तरावरची बँक वरच्या स्तरासाठी बनवलेले महागडे सॉफ्टवेअर विकत घेते तेव्हा फायदा विक्रेत्याचाच होतो. पाच-पन्नास नोंदी, एक जबाबदार अधिकारी आणि दर महिन्याची बैठक असेल तर एक्सेलची शीट पुरते. एकाच नोंदीवर तीन विभाग काम करू लागले, कोणी काय बदलले याचा माग लागेनासा झाला आणि लेखापरीक्षक जुनी आवृत्ती मागू लागले, की शीट अपुरी पडली असे समजावे.

जबाबदार कोण : सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत हा निकष बाकी सर्वांवर मात करतो. महाराष्ट्रात बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो. जोखमीची नोंद व्यक्तीच्या ई-मेलला बांधली, तर बदलीनंतर ती अनाथ होते. तेव्हा नोंद पदनामाला जोडता यावी, पदभार सोपवताना खुल्या नोंदींची यादी नव्या अधिकाऱ्याने वाचून स्वीकारावी लागावी आणि मुदत टळली की ती आपोआप पुढच्या पायरीवर जावी : शाखा अभियंत्याकडून उपविभागीय अभियंत्याकडे, तिथून कार्यकारी आणि अधीक्षक अभियंत्याकडे. ‘जोखीम स्वीकारली’ असा शेरा मारणाऱ्याचे पद, तारीख आणि कारण कायमचे राहिले पाहिजे. ही एक सोय असेल तर साधे सॉफ्टवेअरही चालते. ती नसेल तर उरलेली चाळीस वैशिष्ट्ये केवळ माहितीपत्रकाची शोभा.

कायद्याच्या अटी : सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. त्यामुळे नोंदवहीचा घटना-नोंदीशी दुवा असावा आणि घटना ‘कधी लक्षात आली’ ती वेळ मागाहून बदलता येऊ नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ खाली पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माहिती-सुरक्षेच्या आयएसओ २७००१ या मानकाची २०२२ ची आवृत्ती आणि जोखमीच्या मूल्यमापनासाठी त्याचे जोडीदार २७००५ यांचे साचे बहुतेक विक्रेते देतात. औद्योगिक नियंत्रण प्रणालींसाठीची आयईसी ६२४४३ ही मानकमाला मात्र अनेकांकडे नसते. धरण, जलशुद्धीकरण केंद्र, वीजकेंद्र यांनी आधी तीच विचारावी.

निविदेत सहसा न येणाऱ्या दोन गोष्टी. पहिली मराठीची. नोंद शेवटी भरणार तो शाखा कार्यालयातला माणूस, आणि तो मराठीत भरणार. पडद्यावर देवनागरी उमटते म्हणून समाधान मानू नये. अहवालाची पीडीएफ काढून पाहावी. पुष्कळ आयात सॉफ्टवेअरमध्ये तिथे जोडाक्षरे फुटतात, वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते आणि शोध-खिडकीत ‘विसर्ग’ टाकला तर काहीच सापडत नाही. दुसरी, बाहेर पडण्याची वाट. करार संपल्यावर सर्व नोंदी, त्यांचा बदलांचा इतिहास आणि जोडपत्रे खुल्या स्वरूपात परत मिळतील का, हे लेखी घ्यावे. जोखीम नोंदवही म्हणजे संस्थेच्या सर्व कच्च्या दुव्यांची एकत्र यादी. ती कोणाच्या सर्व्हरवर, कोणत्या देशात राहते आणि विक्रेत्याचा कोणता कर्मचारी ती उघडू शकतो, हीच त्या नोंदवहीतली पहिली नोंद असायला हवी. सिंपलरिस्क किंवा एरांबा यांसारखी मुक्त स्वरूपात मिळणारी साधने स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात. परवान्याचा खर्च वाचतो, पण ती सांभाळणारा माणूस पदरी लागतो.

सद्यस्थिती : धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, पानशेत त्यात येतेच. या कायद्याने धरणमालकावर पाऊस-पाण्याच्या मोजणीचे जाळे, येव्याच्या अंदाजाची व्यवस्था आणि पूर-इशारा यंत्रणा उभारण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि ठरावीक काळाने जोखमीचा अभ्यास करणेही बंधनकारक केले आहे. धरणांच्या तपासणीची व प्रकृतीची माहिती ठेवण्यासाठी केंद्रीय जल आयोगाची ‘धर्मा’ ही प्रणाली आहे. ती बांधकामाची नोंद ठेवते. मोजणीच्या उपकरणांची, जोडण्यांची आणि पासवर्डांची नोंदवही निराळी लागते, आणि निवडलेले सॉफ्टवेअर ‘धर्मा’च्या नोंदींशी धरणाच्या एकाच ओळख-क्रमांकाने जुळवता आले तर दुहेरी भरणा टळतो. अधिनियम ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला आणि पहिल्या जोखीम-अभ्यासासाठी त्याने पाच वर्षे दिली. ही मुदत डिसेंबर २०२६ अखेर संपते.