एम्पायर: टोटल वॉर मधील मराठे

एम्पायर: टोटल वॉर (२००९) या संगणकीय युद्धखेळात ‘मराठा राज्यसंघ’ ही खेळण्याजोगी सत्ता आहे. मोहीम १७०० साली सुरू होते व पाळीपाळीने पुढे सरकते. एक पाळी सहा महिन्यांची.

सत्तांच्या समतोलासाठी मराठे आरंभीच संघटित राज्य म्हणून उभे केलेले दिसतात. प्रत्यक्षात त्याच वर्षी राजाराम महाराज निवर्तले, सातारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि ताराबाईंनी कारभार सांभाळला. राज्यसंघाचे रूप पेशवेकाळातले. येथे नावातच कालविपर्यास आहे.

नकाशावर एका प्रांताला एकच धनी असतो. कोकणात मात्र सत्ता किल्ल्यागणिक बदलत असे: हेदवीच्या उत्तरेकडील, अंजनवेलचा गोपाळगड त्या सुमारास सिद्दीकडे होता आणि १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी तो घेतला.