शोभिवंत पानांच्या झाडांवरील गोगलगाय : ओळख, नुकसान आणि बंदोबस्त

कोलियस, कॅलाडियम, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, कॅलॅथिया, ड्रॅसिना, फर्न या झाडांत विकले जाते ते पान. फुलझाडाची दोन पाने कुरतडली गेली तरी फूल विकले जाते. इथे मधल्या पानाला रुपयाएवढे भोक पडले की कुंडी मागे राहते आणि नवीन पाने येईपर्यंत शेडनेटमधील जागा अडवून बसते. त्यामुळे शेतातील पिकासारखे ‘थोडे नुकसान चालेल’ असे म्हणता येत नाही. एकही गोगलगाय दिसली तरी त्याच दिवशी कामाला लागावे.

कोण खाते आहे ते आधी पाहा

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिली मोठी शंखी गोगलगाय, म्हणजे आफ्रिकन गोगलगाय. तपकिरी शंखावर उभे गडद पट्टे असतात. ही मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या इंग्रजाने ती मॉरिशसहून कलकत्त्यात आणून बागेत सोडली आणि तेथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी हीच. दुसरी बिनशंखाची म्हणजे शेंबी गोगलगाय. काळपट, चपटी आणि दिवसा कुंडीच्या तळाला चिकटून बसणारी. शंख नसल्याने ती कुंडीच्या निचऱ्याच्या भोकातून सहज आत शिरते आणि नजरेतून सुटते.

पानावर वेड्यावाकड्या कडांची भोके आणि वाळलेली चकाकणारी चिकट रेघ दिसली तर गोगलगाय समजावी. अळीने खाल्ले असेल तर पानावर किंवा खाली काळ्या गोळ्यांसारखी विष्ठा सापडते, चिकट रेघ नसते. गुंडाळी स्थितीतील कोवळे पान खाल्ले गेले असेल तर ते उलगडल्यावर एका ओळीत सारखी भोके दिसतात. अशा वेळी बरेच जण आजचा हल्ला समजून फवारणी करतात. प्रत्यक्षात नुकसान काही दिवसांपूर्वीच झालेले असते. शंका असेल तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारा. त्याहून चांगली तपासणी नाही.

शेडनेटमध्ये त्या का वाढतात

सावली, कोकोपीटचा ओलावा, एकमेकांना टेकलेल्या कुंड्या आणि संध्याकाळचे पाणी. गोगलगायीला याहून अधिक काही लागत नाही. प्रत्येक गोगलगायीत नर व मादी दोन्ही अवयव असतात, त्यामुळे मिलनानंतर दोघीही अंडी घालू शकतात. आफ्रिकन गोगलगाय एका वेळी शंभर ते दोनशे, कधी त्याहून जास्त अंडी घालते. ती पिवळसर पांढरी, साबुदाण्याएवढी असून मातीत थोड्या खोलीवर एका ठिकाणी पुंजक्याने सापडतात.

हा पुंजकाच पुढे रोपांबरोबर प्रवास करतो. पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेत मी बोलावण्यावरून गेलो होतो. मालकाने आठवडाभर रोज वेचणी केली होती, तरी पिल्ले कमी होईनात. शेवटी एका कोपऱ्यातील शेणखताचा ढीग उकरला आणि त्यात अंडी निघाली. तेच खत दर पंधरवड्याला कुंड्यांत भरले जात होते. तेव्हापासून मी झाडाआधी खताचा ढीग पाहतो.

पाणी आणि स्वच्छता

पहिला बदल पाण्याच्या वेळेत करा. संध्याकाळी पाणी दिले तर पाने व जमीन रात्रभर ओली राहतात आणि गोगलगायी त्याच वेळी बाहेर पडतात. पाणी सकाळी लवकर द्यावे, म्हणजे अंधार पडेपर्यंत वरचा थर सुकतो. या एका बदलाने खर्च न होता बराच फरक पडतो. कुंड्या शक्यतो जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवाव्यात. बाकाखालचे तण, पडकी पाने, फुटक्या कुंड्या, विटा, ओली पोती काढावीत. शेडनेटच्या कडेचा गवताचा पट्टा मोकळा करावा. दिवसाचा मुक्काम बहुतेक वेळा तिथेच असतो.

वेचणी

लहान रोपवाटिकेत वेचणीसारखा खात्रीचा उपाय नाही. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांच्या रांगांमध्ये अंथरा. पपईची किंवा कोबीची पाने ठेवली तरी चालते. सकाळी ऊन चढण्याआधी गोणपाट उलटून खाली जमलेल्या गोगलगायी गोळा करा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या घट्ट पाण्यात टाका. मेल्यावर खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर फेकू नका. हातमोजे घालावेत, कारण गोगलगायींमध्ये माणसाला मेंदूज्वरासारखा आजार देणारे सूक्ष्म कृमी असू शकतात. नंतर हात साबणाने धुवावेत, लहान मुलांना हे काम देऊ नये.

मीठ थेट कुंडीत किंवा झाडाजवळ टाकू नका. गोगलगाय मरेल, पण माध्यमातील क्षार वाढून पानांच्या कडा करपतील.

चुना, राख, तांबे

कोरड्या चुन्याचा चार बोटे रुंद पट्टा शेडनेटच्या बाहेरच्या कडेला उपयोगी पडतो, पण पाऊस पडला की त्याची धार जाते आणि पुन्हा टाकावा लागतो. राख व लाकडाच्या भुश्शाचेही तेच. चुना कुंड्यांत मात्र नको. फर्न, ॲन्थुरियम यांना आम्लधर्मी माध्यम लागते. बाकाच्या पायांना तांब्याची पट्टी गुंडाळणे महाग वाटते, पण मातृवृक्षांच्या बाकांपुरते करायला हरकत नाही. बाकावरच्या झाडाचे पान भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकले असेल, तर तो पूल ठरतो आणि पट्टीचा उपयोग होत नाही.

मेटाल्डिहाईड

वेचणी करूनही संख्या आवरत नसेल तरच २.५ टक्के मेटाल्डिहाईडच्या गोळ्या वापराव्यात. राज्यात शंखी गोगलगायीसाठी दिली जाणारी नेहमीची शिफारस एकरी २ किलो आहे, म्हणजे गुंठ्याला केवळ ५० ग्रॅम. दहा गुंठ्यांच्या शेडनेटला अर्धा किलो पुरतो. डब्यावरील लेबल वाचूनच मात्रा ठरवावी. गोळ्या ढीग करून न ठेवता संध्याकाळी रांगांमधल्या जागेत व कडेने विरळ पसराव्यात. पानांच्या बेचक्यात पडू देऊ नयेत, वरून पाणी मारू नये. दमट हवेत गोगलगाय नुसती सुस्त होऊन दुसऱ्या दिवशी सावरूही शकते, म्हणून सकाळी पडलेल्या गोगलगायी वेचून घेणे हा याच कामाचा भाग समजावा.

या गोळ्या कुत्र्यांना विषारी आहेत आणि त्यांना त्या खाव्याशाही वाटतात. रोपवाटिकेत राखणीला कुत्रा असतोच; त्याला त्या दिवसांत बांधून ठेवा, कोंबड्याही आत सोडू नका. त्याच शेडमध्ये अळू किंवा कढीपत्त्यासारखी खाण्याची रोपे असतील तर त्या भागात गोळ्या टाकू नका.

रोपे आणताना आणि पाठवताना

बाहेरून आलेला माल निदान दोन आठवडे वेगळ्या जागी ठेवा. दहा कुंड्यांमागे एक कुंडी उलटी करून तळ व मुळांचा गोळा तपासा. अंडी दिसली तर सगळ्या कुंड्या तपासाव्या लागतील. हीच तपासणी गाडी भरण्यापूर्वीही करा. ग्राहकाच्या बागेत तुमच्या कुंडीतून गोगलगाय गेली, तर पुढची ऑर्डर येत नाही.

कामाचा खरा हंगाम मात्र उन्हाळा आहे. एप्रिल-मेमध्ये आफ्रिकन गोगलगाय शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून भिंतीच्या भेगांत, दगडांच्या ढिगात, जुन्या पाइपांत पडून राहते. तेव्हा ती पळत नाही, खात नाही आणि अंडीही घालत नाही. मृगाच्या आधी दोन-तीन दिवस माणसे लावून या जागा उकरून घ्या. पहिल्या दमदार पावसानंतर चार-पाच रात्री पुन्हा बॅटरीची फेरी ठेवा, कारण उरलेल्या गोगलगायी त्याच रात्री बाहेर पडतात आणि अंडी घालण्यापूर्वीच हाती लागतात.