मंद लहरींची स्मृति

दोन कणांची टक्कर क्षणांत संपते; तिची वार्ता मात्र लहरींच्या रूपानें विश्वांत पसरत राहते. विद्युद्भारित कणाचा वेग अथवा त्याची दिशा बदलली, कीं भोंवतालच्या विद्युत्क्षेत्रास हिसका बसतो आणि तो हिसका प्रकाशाच्या गतीनें दूर जातो. या लहरींत अतिशीघ्र कंपनाच्या लहरी असतात, तशा अतिमंद कंपनाच्याहि असतात. शास्त्रज्ञांचें लक्ष प्रथम पहिल्या प्रकाराकडे गेलें. दुसऱ्या प्रकाराचें मर्म उकलण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

या इतिहासाचा आरंभ १८९५ च्या नोव्हेंबरांत होतो. जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें राँटगेन यांना क्ष-किरण आढळले. निर्वात नळींतून धांवणारे कण कांचेवर आदळून थबकतात, तेथून हे किरण निघतात. १८९७ सालीं वयोवृद्ध गणिती स्टोक्स यांनीं असें प्रतिपादन केलें, कीं हे किरण म्हणजे एकाएकीं थांबलेल्या कणांनीं दिलेले विद्युच्चुंबकीय धक्केच होत. त्याच वर्षीं वेग बदलणारा कण किती शक्ति बाहेर टाकतो, याचें सूत्र लार्मर यांनीं दिलें.

या विचारसरणींत एक विलक्षण गोष्ट दडलेली होती. ज्या लहरीच्या एका कंपनास टक्करीच्या कालावधीहून पुष्कळ अधिक वेळ लागतो, तिच्या दृष्टीनें सगळी टक्कर म्हणजे केवळ एक क्षण. कण कोणत्या वाटेनें वळला, कोणत्या बलानें त्यास वळविलें, यांतलें तिला कांहींच ठाऊक नसतें. कण कोणत्या वेगानें आला आणि कोणत्या वेगानें गेला, एवढ्यावरच तिचें बळ ठरतें. शिवाय, कंपनसंख्या शून्याकडे नेत गेलें, तरी कंपनसंख्येच्या प्रत्येक समान पट्टींत सांपडणारी ऊर्जा नाहींशी होत नाहीं. ती एका ठराविक मूल्यावर स्थिर होते.

हीच निरुपद्रवी वाटणारी गोष्ट पुढें पुंजवादाच्या मुळावर आली. पुंजवादाप्रमाणें प्रकाशाची ऊर्जा सुट्या सुट्या कणांनीं मिळते आणि कंपनसंख्या जितकी कमी, तितकी प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा कमी. मग त्याच ठराविक ऊर्जेंत अतिमंद प्रकाशकण किती मावतील? त्यांची संख्या अनंताकडे जाते. १९३४ सालीं बेटे व हाइटलर यांनीं अशा किरणोत्सर्गाचें पुंजवादी गणित मांडलें, तेंहि या टोकाशीं अनंतांत बुडत होतें. कोणत्याहि घटनेची संभाव्यता एकाहून अधिक असूं शकत नाहीं. येथें तर ती अनंत ठरत होती. नव्या शास्त्राचा पायाच खचला आहे कीं काय, अशी शंका येण्याजोगी ही स्थिति होती.

नाझी राजवट येतांच १९३३ सालीं जर्मनी सोडून अमेरिकेस गेलेले फेलिक्स ब्लॉख यांनीं आर्नल्ड नॉर्डसीक यांच्या साह्यानें १९३७ सालीं हा पेंच सोडविला. त्यांचें म्हणणें असें, कीं चूक निसर्गांत नसून प्रश्नांत आहे. टक्करींतून एकच प्रकाशकण निघण्याची संभाव्यता किती, हें विचारणेंच व्यर्थ; कारण प्रत्येक टक्करींतून असंख्य मंद प्रकाशकण निघतातच. त्यांची संख्या अनंत असली, तरी एकूण ऊर्जा मर्यादितच राहते. आणि ती जुन्या, अभिजात गणिताशीं जुळते.

गुरुत्वाकर्षणाच्या लहरींचें भाकित आइन्स्टाइन यांनीं १९१६ सालीं केलें होतें. त्यांनाहि हाच नियम लागू पडतो, असें स्टीव्हन वाइनबर्ग यांनीं १९६५ सालीं दाखविलें. सूर्याच्या पोटांत कणांच्या अहोरात्र टकरी होतात; त्यांतून सुमारें ६ कोटी वॅट इतकी शक्ति गुरुत्वलहरींच्या रूपानें बाहेर पडावी, असा त्यांचा अंदाज होता. गुरूच्या भ्रमणांतून अशी शक्ति अवघी ५ किलोवॅटच्या आसपास निघते.

१९७४ सालीं सोव्हिएट रशियांतील झेल्डोविच व पोल्नारेव्ह यांनीं आणखी एक गोष्ट पुढें आणली. गुरुत्वलहर निघून गेल्यावर मोकळ्या तरंगणाऱ्या दोन वस्तूंमधील अंतर पूर्ववत् होत नाहीं. किंचित् फरक कायमचा उरतो. यास पुढें ‘स्मृति’ हें नांव पडलें. ही स्मृति आणि वाइनबर्ग यांचा नियम हीं एकाच सत्याचीं दोन रूपें आहेत, हें स्ट्रॉमिंजर व झिबोएडोव्ह यांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें.

यापुढील महत्त्वाचें पाऊल भारतांत पडलें. चेन्नईचे आलोक लड्ढा आणि त्या वेळीं अलाहाबादच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेंत असलेले अशोक सेन यांनीं २०१८ सालीं एका सूक्ष्म त्रुटीकडे लक्ष वेधलें. विद्युत् आणि गुरुत्व यांचीं बलें दूरवर पोंचतात. म्हणून टक्कर संपली, तरी दूर जाणारे कण एकमेकांस ओढीत अथवा लोटीतच राहतात. यामुळें मंद लहरींच्या सूत्रांत एक नवें पद येतें आणि लहरीस एक लांब शेपटी फुटते: काळ दुप्पट झाला, कीं ती निम्मी होते. अर्णव प्रिया साहा, विश्वजित साहू व सेन यांनीं गुरुत्वाविषयींची याची सिद्धता २०२० सालीं प्रसिद्ध केली. विशेष हें, कीं ही शेपटीहि टक्करीच्या अंतर्गत तपशिलावर अवलंबून नाहीं.

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील लायगो यंत्रांनीं पहिली गुरुत्वलहर टिपली. पण जमिनीच्या थरथरीमुळें अतिमंद लहरी अशा यंत्रांस ऐकूं येत नाहींत. त्यांसाठीं आकाशांतील स्पंदक ताऱ्यांचीं नियमित स्पंदनें घड्याळासारखीं वापरावीं लागतात. जून २०२३ मध्यें अशा लहरींचा जो पुरावा जगापुढें आला, त्यांत नारायणगांवाजवळच्या खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीचाहि वांटा होता. टक्करीची स्मृति मात्र त्या वर्षापर्यंत निःसंशयपणें सांपडली नव्हती. ती सांपडेल तेव्हां दूरच्या तारकांची झुंज कशी झाली, हें तिच्यावरून कळणार नाहीं. कोण किती वेगानें आलें आणि काय होऊन गेलें, एवढाच हिशेब ती देईल. परंतु तो हिशेब, मधलें कांहींहि दिसलें नाहीं तरी, खरा असेल.